दोन नावांची माणसं

चंपाबाई बैसाणे यांचा जगावर विश्वास नव्हता, आणि जगानंही तो मिळवायला कधी फार खटपट केली नव्हती. दूधवाल्यानं पिशवी हातात दिली की त्या ती उजेडाकडे धरून बघत. 'मावशी, आजच तोडलीय' असं भाजीवाला म्हणाला की जुडीचा दोरा सोडून मधल्या काड्या चाचपत. शटल रिक्षात शेजारचा माणूस जरा जास्त गोड बोलायला लागला की त्यांची पर्स मांडीवरून उठून पोटाशी जाई. सुरतेत दिंडोलीच्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की आधी त्या मुलाला चंपाबाईंच्या ओट्यावर बसवून चहा पाजायचा, असा रिवाजच पडून गेला होता. कपातला चहा संपायच्या आत त्याची दारू, तंबाखू आणि आधीची मोडलेली सोयरीक, सगळं त्या बाहेर काढत. गल्लीतली पोरं त्यांना मागून सीबीआय म्हणत. चंपाबाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

असल्या बाईच्या पुढ्यात एक दिवस पीटर जेवायला बसला.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एम्ब्रॉयडरीची मशिनं आणून विकणारी एक कंपनी होती. मशिनं चीनमधून यायची, आणि ती बसवून द्यायला, बिघडली तर दुरुस्त करायला माणसंही तिकडूनच यायची. मधली काही वर्षं त्यांचं येणं बंद होतं. आता पुन्हा एकेक जण येऊ लागला होता. त्यांच्यासाठी कंपनीनं जवळच एक गेस्ट हाऊस ठेवलं होतं. ललितभाई ते सांभाळायचे आणि चंपाबाई तिथं स्वयंपाक करायच्या. नवरा मिलमध्ये होता, तो गेला, आणि त्यानंतर त्यांनी हे काम धरलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक कडक शाकाहारी. अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येता कामा नये, अशी सेठची ताकीद होती. स्वतः चंपाबाई रविवारी घरी काय शिजवत, हे ललितभाईंना माहीत नव्हतं, आणि ते कळवायची चंपाबाईंना कधी गरज वाटली नव्हती.

तर हा पीटर. तिशी उलटलेला, बुटका, केस उभे, आणि बोटांच्या पेरांत मशीनच्या तेलाचा न निघणारा काळेपणा. आधी कुठं लुधियानाकडे राहून आलेला, त्यामुळं कामापुरती हिंदी बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं छातीवर हात ठेवून 'मेरा नाम पीटर' असं सांगितलं, आणि चंपाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच.

कारण चंपाबाई बौद्ध. विहारातल्या भाषणांत त्यांनी कितीदा ऐकलं होतं, की धम्म आपल्या देशातून निघाला तो डोंगर ओलांडून पार चीनपर्यंत गेला. त्यामुळं चिनी माणूस म्हणजे लांबचा का होईना, आपल्यातला, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं. मग आपल्यातल्या माणसाचं नाव पीटर कसं? ख्रिस्ती झाला म्हणावं, तर रविवारी दुपारपर्यंत घोरत पडायचा. गळ्यात क्रॉस नाही, जेवणाआधी हात जोडणं नाही. ताट आलं की तुटून पडायचा. आणि भर उन्हात, पंख्याखाली घाम पुसत, ग्लासभर कढत पाणी प्यायचा. उन्हाळ्यात गरम पाणी पिणाऱ्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असणार, याबद्दल चंपाबाईंची खात्री होती.

पुढं प्रकरण आणखी वाढलं. कारखान्यातून दुसरा एक चिनी त्याला बोलवायला आला आणि दारातून 'झाव-कोंग' अशी हाक मारली. पीटरनं ओ दिली. संध्याकाळी मोबाइलवर त्याची आई दिसत होती. टेबलावर भाजी निवडत असलेली, चंपाबाईंच्याच वयाची बाई. ती त्याला आणखी तिसरंच काहीतरी म्हणत होती. 'आ-चिंग, आ-चिंग.' त्यालाही त्यानं ओ दिली. एक माणूस, तीन नावं. आणि महिन्याभरानं त्याच्या मदतीला एक तरुण इंजिनिअर आला, त्यानंही छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी पीटर. ललितभाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी एकाला मोठा पीटर केलं, दुसऱ्याला छोटा पीटर, आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. चंपाबाईंनी मात्र त्या दिवसापासून वाट्या मोजून ठेवायला सुरुवात केली.

कुणी म्हणेल, चिन्याची नावं किती का असेनात, हिचं काय जातंय? तर जात होतं. चंपाबाईंच्या घरातच एक दोन नावांचा माणूस होता, आणि तो त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

मुलाचं नाव बुद्धभूषण. बापानं हौसेनं ठेवलेलं. बारशाला लिंबायतच्या विहारात बापानं ते नाव माइकवरून सांगितलं होतं, ते सुद्धा दोनदा. मुलगा शिकला, रिंग रोडवरच्या साड्यांच्या मार्केटमध्ये एका मोठ्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात चांगल्या जागेवर लागला. तिथं सगळे त्याला भूषण म्हणत. त्याचं चंपाबाईंना काही वाटलं नव्हतं. एवढं लांब नाव कोण घेत बसणार. मग जागृतीशी लग्न झालं, आणि गेल्या वर्षी दोघांनी अडाजणला भाड्यानं फ्लॅट घेतला. चांगली सोसायटी, लिफ्ट, खाली मुलांना झोके. आईला दर आठवड्याला भेटायला येत, फळं आणत, पाय दाबून देत. पण फ्लॅट बघायला आईला बोलवत नव्हते. आधी लिफ्ट बंद होती. मग रंगकाम निघालं. मग जागृतीची परीक्षा आली. परीक्षा संपली, तेव्हा पुन्हा लिफ्ट बंद पडली.

शेजारचा प्रवीण कुरिअरचं काम करतो. एकदा पार्सल घेऊन तो त्या सोसायटीत गेला, आणि येऊन अगदी सहज म्हणाला, की मावशी, तुमच्या भूषणला तिथं सगळे पाटीलभाई म्हणतात.

चंपाबाईंना उलगडायला वेळ लागला नाही. सुरतेत खानदेशी म्हटला की तो पाटीलच, असं इथल्या लोकांनी धरूनच ठेवलेलं आहे. मुलानं खोटं सांगितलं असेल असंही नाही. कुणीतरी विचारलं असेल 'पाटील ना?', आणि त्यानं नाही म्हटलं नसेल. पण मग आई तिथं कशी चालेल? आई बोलायला लागली की शेजारणी माहेर विचारणार, गाव विचारणार, देव विचारणार. आईच्या हातात विहाराची पिशवी असणार. तेव्हा आईपेक्षा लिफ्ट बंद असलेली बरी. हे सगळं चंपाबाईंना एका क्षणात दिसलं, आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मुलाला मात्र त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. जगातल्या कुठल्याही माणसाला दोन प्रश्नांत उघडा पाडणारी ही बाई, पोटच्या पोराला विचारायला घाबरत होती. विचारलं आणि तो हो म्हणाला, तर पुढं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून पीटर त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. आणि त्याच जखमेपोटी त्यांनी त्याच्याबद्दल जो निष्कर्ष काढला, तो दिंडोलीच्या त्या गल्लीखेरीज दुसरीकडे कुणी काढला नसता. हा माणूस जात लपवतोय, असं त्यांनी ठरवलं.

एकदा ठरवलं की पुरावे गोळा करणं त्यांच्या हातचा मळ. एका सकाळी चहाचा कप ठेवताना त्यांनी आजूबाजूला बघून हळूच 'नमो बुद्धाय' म्हटलं, खुणेनं, म्हणजे त्याला कळावं की इथं एक माणूस आपलं आहे. पीटर हसून 'नमस्ते आंटी' म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा उघडू लागला. घाबरलाय, चंपाबाईंनी नोंद केली. मग त्यांनी बुद्धाचं चित्र असलेलं एक जुनं कॅलेंडर आणून कणकेच्या डब्यावर टांगलं. ते बघताच पीटर थांबला. त्याची आजी घरात अशीच मूर्ती ठेवून उदबत्ती लावायची, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. झालं. चंपाबाईंना आता कोर्टाचीही गरज नव्हती. त्यातच एक दिवस कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंड्याची टरफलं सापडली. पीटर खोलीतल्या पाणी तापवायच्या किटलीत अंडी उकडत होता. चंपाबाईंनी टरफलं बघितली, दाराकडे बघितलं, आणि बटाट्याच्या सालींखाली ती नीट पुरून टाकली. ललितभाईंना सांगायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. लपवणाऱ्या माणसाची कीव येते म्हणतात. त्यांना कीव आणि संताप दोन्ही एकदम येत होते.

अखेर एका दुपारी कारखान्याची वीज बंद होती. छोटा पीटर झोपला होता, ललितभाई बँकेत गेले होते, आणि मोठा पीटर स्वयंपाकघरात त्याचं ते कढत पाणी घेऊन बसला होता. चंपाबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर पाट ओढून बसल्या.

"तेरी जात कौन सी है? मेरे को बोल. मैं किसी को नहीं बोलेगी."

पीटरला प्रश्न कळेना. त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. त्यानं मोबाइल पुढं धरला, चंपाबाई त्यात बोलल्या, आणि पडद्यावर चिनी अक्षरं उमटली. पीटरनं ती वाचली, परत वाचली, आणि हसू लागला. मग चंपाबाईंचा चेहरा बघून हसायचा थांबला. असलं काही आमच्याकडे नाही, निदान मला तरी विचारलं नाही कुणी, असं त्यानं सांगितलं. चंपाबाईंनी ते ऐकून घेतलं, पण पदरात घेतलं नाही. मग नाव का लपवलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

आता पीटरला राग आला. लपवलं नाही, तो म्हणाला, आणि अर्धं हिंदीत, अर्धं मोबाइलमध्ये बोलत त्यानं सगळं सांगायला घेतलं. तो शाळेत असताना इंग्रजी शिकवायला नव्या बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि बाकाबाकानं नावं वाटली. पुढच्या मुलाला टॉम मिळालं, मागच्या मुलीला लूसी, आणि त्याला पीटर. छोट्या पीटरच्या बाईंकडेही बहुधा तेच पुस्तक असेल. शाळा संपली तशी ती नावं पोरं विसरून गेली. पण पुढं परदेशी लोकांत काम करायची वेळ आली, तेव्हा जुन्या पेटीतून स्वेटर काढावा तसं ते नाव परत काढलं. त्याचं खरं नाव योंगचिंग, आडनाव झाव. लुधियानाच्या कारखान्यात प्रत्येक जण त्याचं वेगळंच काही करायचा. हाक आपल्यालाच आहे की दुसऱ्याला, हेच त्याला कळायचं नाही. पीटर म्हटलं की काम पुढं सरकतं.

एवढ्यावर चंपाबाईंचं समाधान होणार नव्हतं. उच्चाराला जड नावं त्यांनी पुष्कळ बघितली होती. त्यासाठी कुणी पीटर होत नाही. त्या गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हा त्यांचा नेहमीचा डाव. समोरचा माणूस गप्प बसण्यापुढं टिकत नाही. पीटरही टिकला नाही.

मग त्यानं सांगितलं ते असं, की त्यांच्याकडे माणसाचं स्वतःचं नाव कुणीही उठून घेत नाही. कामावर आडनाव आणि पुढं हुद्दा. झाव-कोंग म्हणजे झाव इंजिनिअर, एवढंच. मोठ्या माणसाचं नाव धाकट्यानं घ्यायचंच नसतं. नुसतं नाव घेतात ते आईबाप, आणि भांडण झालं तर बायको. ओळख ना पाळख असा सेठ पहिल्याच दिवशी खांद्यावर हात ठेवून आईनं ठेवलेल्या नावानं हाक मारतो, तेव्हा चपला घालून कुणी स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटतं. आणि बाहेरच्या लोकांना तर सगळ्यांना नावानंच हाक मारायची सवय. मग त्यांना हाक मारायला एक नाव देऊन टाकायचं.

"मशीन बंद, तो सेठ चिल्लाता है, पीटर, पीटर," तो म्हणाला. "पीटर को चिल्लाने दो. मेरे नाम को कोई नहीं चिल्लाता."

हे मात्र चंपाबाईंना थेट कळलं. नवरा होता तोवर त्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. तो जाऊन एवढी वर्षं झाली, तरी अजून कुठं सांगायची वेळ आली तर 'पोपट' म्हणताना त्यांची जीभ अडखळते. माणसाचं नाव ही काय चीज असते, हे त्यांना शिकवायला कुणी चीनहून यायला नको होतं. पण संशय अजून पुरता गेला नव्हता. एक प्रश्न उरला होता, आणि तो पीटरसाठी नव्हताच.

"तेरी माँ को मालूम है? पीटर?"

"हाँ," तो म्हणाला. "बहुत हँसती है. फोन पे पूछती है, पीटर, खाना खाया क्या?"

"और कल माँ इधर आई, कारखाने में, सबके सामने, तो?"

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं पीटरनं त्यांच्याकडे बघितलं. आई आली तर जोरात आ-चिंग म्हणेल, सगळे कारागीर हसतील, आणि मी तिच्याकडे जाईन. दुसरं काय होणार?

चंपाबाईंनी मान खाली घातली. त्यांना पोराची आठवण इतक्या जोरात आली, की डोळ्यांत पाणीच आलं. त्यांचं ते बघून पीटर बावरला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, की आंटी, तुमची आई तुम्हाला काय म्हणायची? शेवंता, चंपाबाई म्हणाल्या. सासरी त्याच नावाची जाऊ होती, म्हणून लग्नात बदलून चंपा केलं. आई गेल्यापासून शेवंता म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. पीटरनं तीन बोटं वर केली आणि खूश होऊन मोजली: शेवंता, चंपा, आणि ललितभाई म्हणतात ती पाटीलबेन. म्हणजे तुमचीही तीनच.

चंपाबाई उठल्या आणि गॅस पेटवला. पातेल्यात काही नव्हतं, तरी त्यांनी ते ढवळलं.

ते खरं होतं. कामावर आल्या त्या पहिल्याच दिवशी ललितभाईंनी विचारलं होतं, खानदेशच्या का? मग पाटील असाल. चंपाबाईंनी पदर सारखा केला होता आणि पिठाचा डबा कुठं आहे ते विचारलं होतं. बस, एवढंच. त्यात खोटं काय बोलल्या? बैसाणे म्हणून सांगितलं असतं, तर या स्वयंपाकघरात कणकेला हात लावू दिला असता का कुणी? पोटासाठी केलं. पण पोराचं तसं नव्हतं. पोरगा शिकलेला, चांगल्या जागेवर, त्याला कुणाची भीती? असा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात स्वतःपुढं मांडला. तो आपला आपल्यालाच का मांडावा लागतोय, याचा विचार त्यांनी केला नाही.

रविवारी त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा केला, फडक्यात बांधला आणि कुणाला न कळवता अडाजणची बस धरली. वाटेत वाक्य पाठ केलं. सोसायटीच्या फाटकात उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, बुद्धभूषण बैसाणेची आई आहे मी. बघू कोण खाली येतो ते. आला तर आला, नाही आला तर परतीच्या बसला वेळ लागत नाही. बसमध्ये शेजारची बाई गोड बोलत होती, आणि पर्स आज मांडीवरच राहिली होती, याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

फाटकात वॉचमन बसला होता. सुकदेव त्याचं नाव. तिकडं यूपीकडचा भला माणूस. बाजूच्या बाकावर सोसायटीचा सेक्रेटरी वर्तमानपत्र वाचत होता. चंपाबाईंनी मुलाचं नुसतं नाव सांगितलं, आणि तेही मोठ्यानं नाही. सुकदेवनं कपाळाला आठी घातली. बुद्धभूषण नावाचं इथं कुणी राहत नाही, त्यानं सांगितलं. मराठी माणूस पाहिजे असेल तर चौथ्या मजल्यावर एक भूषण पाटील आहेत. त्यांच्याकडे का?

चंपाबाईंनी वर बघितलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत जागृतीचा पिवळा कुर्ता वाळत होता. शेजारी कुंडीत तुळस होती; ती चंपाबाईंनी आपल्या घरात कधी लावली नव्हती. खाली झोक्यावर पोरं ओरडत होती. उद्या नातवंडं झाली तर याच झोक्यावर बसतील, असं त्यांच्या मनात आलं. आणि एका वाक्यात आपण हे सगळं मोडू शकतो, हेही आलं. पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं.

"पाटील के यहाँ ना?" सुकदेवनं परत विचारलं, "आप उनकी कौन?"

"खाना बनाती हूँ," चंपाबाई म्हणाल्या.

त्यांनी भाकरीचं फडकं पुढं केलं, पुरावा म्हणून. सुकदेवनं मान डोलावली आणि आतला फोन उचलायला हात पुढं केला. तेवढ्यात मागं स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला. चंपाबाई वळल्या. हेल्मेट काढत, हँडलला दुधाच्या पिशव्या अडकवलेला, त्यांचा मुलगा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, पण पुरेसा वेळ होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

चंपाबाईंनी डोळ्यांनीच त्याला खुणावलं, चालू दे म्हणून. आईनं एवढं सोपं करून ठेवलं होतं. त्यानं नुसतं 'या' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मन्ही माय शे," तो म्हणाला. लग्नानंतर पोराच्या तोंडून त्यांनी अहिराणी ऐकलीच नव्हती. सुकदेवला कळलं नाही, म्हणून त्यानं ते हिंदीत परत सांगितलं, आणि या वेळी आवाज बाकापर्यंत गेला. "मेरी माँ है. चंपाबाई बैसाणे. और बुद्धभूषण मैं ही हूँ."

"पाटील नहीं?" सुकदेवनं विचारलं.

"नहीं."

सेक्रेटरीनं वर्तमानपत्र खाली केलं, दोघांकडे बघितलं आणि परत वर केलं. मुलानं आईच्या हातातलं फडकं घेतलं. लिफ्ट चालू होती.

लिफ्टचं दार लागल्यावर चंपाबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. त्यांना जन्माची सवयच ती. पोरगा घाबरला होता. आणि तो ते लपवत नव्हता. त्यांनी विचारलं, आता खोली सोडावी लागली तर? सोडसूत, तो म्हणाला. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी मान दुसरीकडे वळवून सांगून टाकलं, की गेस्ट हाऊसात मलाही पाटीलच म्हणतात, पहिल्या दिवसापासून.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

कॉलेजात असताना तो एकदा घराची किल्ली द्यायला सचिनला आला होता. ललितभाई दारात होते. 'पाटीलबेन अंदर छे' असं ते म्हणाले होते, आणि त्यानं आत बघितलं तर आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती हात पुसत आली, किल्ली घेतली आणि आत गेली. त्याला वाटलं, संध्याकाळी घरी आल्यावर काहीतरी बोलेल.

"तू काही बोलनी नही," तो म्हणाला. "मंग मी बी कोठे बोलनू नही."

चंपाबाईंनी आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून खरंखोटं पारखलं होतं. त्या दिवशी उंबऱ्यावर आपलंच पोरगं आपल्या तोंडाकडे बघत उभं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि दोघंही बाहेर पडायचं विसरली.

"सोमवारी सांगसू ललितभाईले," त्या म्हणाल्या.

मुलानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आई खरं बोलतेय का, ते तो बघत होता.